मुकुलरावांच्या पिशवीची चौकशी

गावात कायमचं राहायला आलेल्या माणसाची चौकशी होणे हा त्याचा मूलभूत हक्क आहे. शहरात हा हक्क कुणालाच मिळत नाही. तिथे माणूस आठवडाभर दिसला नाही तरी शेजारी दूधवाल्यालासुद्धा विचारत नाही. आमच्या रत्नागिरीत, निदान आमच्या आळीत, असा अन्याय आजवर कुणावर झालेला नाही. आणि मी पडवीत बसते तोवर होणारही नाही.

मी चौथी पास. (पाचवीला गणित वाढतं म्हणतात. चौकशीला ते लागत नाही.) आळीतून बाहेर जायची वाट माझ्या पडवीवरून जाते, म्हणून हे खातं माझ्याकडे. पगार नाही, सुट्टी नाही. पद्धत अगदी सोपी. जाणाऱ्याला विचारायचं, "काय, कुठे?" त्याने म्हणायचं, "हे काय, इकडेच." झालं. इकडेच म्हणजे कुठे, हे विचारायचा अधिकार कुणालाही नाही. 'इकडेच' म्हणून लोक दवाखान्यात गेलेत, कोर्टात गेलेत. नारळ उतरवणाऱ्या धोंडूचा भाऊ इकडेच म्हणून दुबईला गेला. (अजून आला नाही. तरी कुणी विचारत नाही. नियम म्हणजे नियम.)

शेजारचं भास्करभाऊंचं घर कितीतरी वर्षं बंद होतं. दोन हजार एक साली त्यांचा पुतण्या मुकुल, बायको हेमा आणि मुलगी अवनी यांना घेऊन तिथे राहायला आला. बँकेने त्याला स्वेच्छानिवृत्ती दिली (स्वेच्छा बँकेची), त्याने मुलुंडचा ब्लॉक विकला आणि मंडळी शांततेसाठी इकडे आली. संध्याकाळी त्यांच्या खिडकीतला उजेड माझ्या पडवीत पडायला लागला. माझी तक्रार नव्हती. तेवढाच माझा बल्ब वाचतो.

महिन्याभरात मुकुलराव रोज दुपारी जेवून, खांद्याला मोठी कापडी पिशवी लावून बाहेर पडू लागले. मी पद्धतीप्रमाणे विचारलं, "काय मुकुलराव, कुठे?"

ते थांबले, हसले नि म्हणाले, "माई, ते जरा खासगी आहे."

आमच्या आळीत एकतीस घरं. त्यांतल्या तीस घरांत खासगी असं काहीही नाही. (एकतिसावं माझं.) बरं, हेमाला विचारावं, तर ती म्हणे, "फिरायला जातो. मी विचारत नाही, आम्ही एकमेकांना मोकळीक देतो." मुंबईत जागा लहान, म्हणून द्यावी लागत असेल. इथे पाच खोल्या असून पुन्हा मोकळीक कशाला?

तेव्हा आळीला स्वतःच्या बळावर काम करावं लागलं. हाती आलेला पुरावा असा:

पिशवी जाताना टम्म फुगलेली असते, येताना चेपलेली.

मुकुलराव जाताना मरगळलेले असतात, येताना टवटवीत. केस मात्र विस्कटलेले.

धोंडूने माडावरून पाहिलं, ते एसटी स्टँडकडे वळतात.

स्टँडवर जाणारा माणूस गाडी पकडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या सुमाराला गाडी सुटते मालगुंडची. म्हणजे मालगुंडला कुणीतरी आहे. पिशवीत तिच्यासाठी कपडेलत्ते जातात. विस्कटलेल्या केसांवर चर्चा झाली नाही. बायकाच होत्या, सगळ्यांना कळलं. ठराव एकमताने झाला. तिचं नाव चिमा ठेवलं. (नाव नसलं की बोलताना अडचण होते.) लवकरच दोन पक्ष पडले. समोरची हौसा चिमाच्या बाजूने गेली. म्हणे, ती बिचारी दुपारपर्यंत उपाशी वाट बघत असणार.

हेमाला कुणी काही सांगायचं नाही, असंही ठरलं. त्यामुळे आळी तिच्याशी फार प्रेमाने वागू लागली. कुणी घावन आणून दे, कुणी सांदणं, कुणी उगाच हात हातात धरून बस. हेमाने बहिणीला फोन केला, "इथली माणसं किती मायाळू आहेत गं!"

महिनाभर असं सुरळीत चाललं. मग एका दुपारी सांदणं देता देता हौसा म्हणाली, "धीर सोडू नको गो बाय. चिमा पण कुणाची तरी लेकच हाय."

"कोण चिमा?"

इथे हौसाला 'इकडचीच' म्हणून सुटता आलं असतं. तिने सगळं सांगितलं.

हेमाने तासाभरात बॅगा भरल्या. जाताना मला म्हणाली, "माई, तुम्हालासुद्धा ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "मी मत दिलेलं नाही." (अध्यक्षाला मत नसतं.)

ती खिडक्या लावत होती. एकेक कडी पडल्याचा आवाज माझ्या पडवीपर्यंत येत होता. बल्ब काही महाग नाही हो. पण तो आवाज मला आवडला नाही.

आमच्याकडे मुंबईला निघालेल्याला पोचवायला जावंच लागतं, मग तो भांडून का निघेना. सगळी आळी स्टँडवर गेली. हेमा डोळे पुसत होती आणि बायका तिच्या पिशवीत कोकमं, फणसपोळी कोंबत होत्या. गाडी लागायची तिथे, भोंग्याच्या बरोबर खाली, बाकावर उशी घेऊन मुकुलराव घोरत पडले होते. शेजारी रिकामी पिशवी.

अवनीने बाकाखाली वाकून पाहिलं. चिमा नव्हती.

"मुकुल! इथे काय करतोयस?"

"झोपलो होतो," मुकुलराव दचकून उठले.

"घरी काय झालं झोपायला?"

"घरी शांतता आहे गं. रात्रभर डोळा लागत नाही. शांततेसाठी मुलुंड विकलं मी. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

हेमा बाकावर बसली, आणि हसू लागली ती थांबेचना. भोंग्यावर मुंबईची गाडी लागल्याचं सांगत होते. हेमा उठली नाही. गाडी गेली.

आता आळीने जबाबदारी वाटून घेतली आहे. दुपारी धोंडू पंप लावतो, हौसा मसाला कुटते, आणि मी त्यांच्या खिडकीखाली बसून बोलते. माझ्या पाळीला मुकुलराव सर्वांत लवकर झोपतात. हा मी माझा मान समजते. बाकी आळीची झोप उडाली आहे, पण ते घर उघडं आहे. हौसाचा पक्ष मात्र अजून नाराज आहे. चिमाचं पुढे काय, याचा विचार कुणी केलेला नाही, असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही म्हणाल, छोट्या गावातल्या लोकांना दुसऱ्याच्या उठाठेवी फार. म्हणा की. पण मालगुंडचा ठराव झाला तेव्हा तुम्हीही तिथेच होतात. मुकुलराव तसे नाहीत, असं तुमच्यातलं एकही माणूस उठून म्हणालं नाही. उलट मान पुढे काढून ऐकत राहिलात. विरोधात हात वर न झाल्याने तुमचं मत आम्ही ठरावाच्या बाजूने धरलेलं आहे.