कोल्हापूर कोल्हापूरच आहे कशावरून?

अध्यक्ष विजयसिंह आबांनी नारळ फोडला, बटण दाबलं, आणि यंत्र म्हणालं:

जोडणी नाकारली.

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

पेठ वडगावच्या दूध संस्थेत आजपासून प्रत्येक कॅनचं फॅट थेट कोल्हापूरच्या सर्व्हरवर जाणार होतं. तेही कुलूपबंद, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही, बदलता येणार नाही. प्रोग्रॅम मेहकनं लिहिलेला, जावास्क्रिप्टमध्ये, नोड नावाच्या प्रणालीवर चालणारा. तिचं स्वतःच्या जिवावर घेतलेलं हे पहिलंच काम.

आबांनी पुन्हा दाबलं.

जोडणी नाकारली.

"काय म्हणतंय?"

"कोल्हापूरचं सर्टिफिकेट पटंना झालंय त्याला," मेहक म्हणाली.

"आँ? कोल्हापूर आपलंच की! घरच्या माणसाला वळखपत्र इचारतंय व्हय?"

"कोल्हापूर कोल्हापूरच हाय कशावरून, आबा?"

मांडवात हशा. आबांच्या मिशीत नाही.

सचिव आकारामनं मोबाइल पुढं केला. "ही एक ओळ टाकायची. तपासणीच बंद. नेटवर सगळी हेच सांगत्यात."

"न्हाय टाकणार."

"का गं?"

"मग मधी कुणीबी उभं ऱ्हाईल, मीच कोल्हापूर म्हणंल, फॅट बदलंल आन् फुडं धाडंल."

"पोरी, पावणं बसल्यात," आबा गरजले. "ओळ टाक. न्हायतर काम दुसऱ्याला."

"द्या."

(इथं फक्त एक म्हैस हंबरते.)

म्हैस आबांची. राणी. दिवाळी पाडव्याला रंगवतात तशी शिंगं रंगवलेली, मोरपिसं खोवलेली. पहिला कॅन तिच्याच दुधाचा.

मेहकनं मूळ संदेश उघडला. सर्टिफिकेट खोटं नव्हतं. त्याची मुदत अजून सुरूच व्हायची होती, असं यंत्राचं म्हणणं. पण ते तर तिनं गेल्या आठवड्यात काढलेलं! तिची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. मग राणीच्या शिंगांवर.

"आबा, दिवाळी कवा झाली?"

"म्हैना झाला की."

"मग ह्यात आज पाडवा कसा?"

आकाराम मांडवाचं छत बघू लागला.

"यंत्र उशिरा आलं," आबा म्हणाले. "मुहूर्त चुकला. म्हणून तारीख मागं घेतली. उद्घाटन पाडव्यालाच हुणार!"

"पाडव्याला सर्टिफिकेट निघालंच न्हवतं. मग कोल्हापूर लागणार न्हाय."

"मुहूर्त मोडणार न्हाय."

"ओळ टाकणार न्हाय."

आकारामनं घाबरून बटण दाबलं. यंत्रानंही आपलं मत दिलं:

जोडणी नाकारली.

आबा यंत्राकडं बघत राहिले. "अध्यक्षाचंबी ऐकत न्हाय हे?"

"कुणाचंच न्हाय."

आबांनी माइक ओढला. "मंडळी! माझ्याबी बापाचं ऐकत न्हाय, असलं यंत्र आणलंय आपुन!"

कडकडाट. आकारामनं तारीख आजची केली. बटण. हिरवा दिवा.

राणीचं दूध यंत्रात गेलं. आकडा कोल्हापूरला पोचला, आणि त्याच क्षणी मांडवातल्या मोठ्या पडद्यावरही. साऱ्या तालुक्याला राणीच्या फॅटवर भाषणं ऐकवणाऱ्या आबांची म्हैस गाईपेक्षाही पातळ निघाली.

आबा हसले, पावण्यांना हात जोडले, आणि मेहकच्या कानाशी वाकले.

"पोरी, ती ओळ टाक."

"आता कशाला?"

"मधी मी उभा ऱ्हातो."

"जोडणी नाकारली," मेहक म्हणाली.