कोवळ्या पाठीराख्यांची लागवड

कुठल्याही संस्थेला भविष्यकाळ लागतो. वर्तमानकाळ नसला तरी तिचं फारसं अडत नाही, हे रत्नागिरीतल्या अनेक संस्थांनी वर्षानुवर्षं सिद्ध केलं आहे. आमचा रत्नसागर फुटबॉल संघही त्यात मागे नाही. मी या संघाचा सहचिटणीस (बिनपगारी) असून पुढील हकीकत इतिवृत्तावरून, तिखटमीठ न लावता देत आहे.

गेल्या हंगामात आमच्या सामन्यांना सरासरी एकतीस प्रेक्षक आले. त्यांत चौदा खेळाडूंचे नातेवाईक, नऊ फुकट पासवाले, सात सावलीसाठी टेकलेले आणि एक गृहस्थ एसटी चुकल्यामुळे आलेले. (शेवटपर्यंत थांबले ते हेच. पुढची एसटी साडेसहाची होती.) अशा वेळी एखादा उथळ संघ चांगलं खेळून पाहतो. आम्ही उपसमिती नेमली.

उपसमितीचं निदान असं की, आजची मोठी माणसं सुधारण्यापलीकडे गेली आहेत, तेव्हा उद्याची धरावीत. बारा वर्षांखालच्या मुलांना शंभर रुपयांचं तिकीट पाच रुपयांत द्यावं. मूल आज पाच रुपयांत आलं की त्याला गोडी लागेल, मोठं झाल्यावर ते शंभर देईल आणि लग्नानंतर दोनशे. विचार खरोखर चांगला होता. तो तिथेच थांबला असता तर मला हे लिहावं लागलं नसतं.

पण आमचे अध्यक्ष आप्पा बागायतदार. हापूसची चारशे कलमं त्यांनी स्वतःच्या हाताने वाढवली आहेत. ज्याला कलम वाढवता येतं त्याला काहीही वाढवता येतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. (त्यांचे चिरंजीव पुण्याला असतात आणि फोन उचलत नाहीत.)

"अहो, तिकीट स्वस्त केलंत म्हणजे नुसता खड्डा खणलात," आप्पा सभेत म्हणाले. "पुढे काय? कलम लावलं की पहिली चार वर्षं आलेला मोहोर खुडावा लागतो. लहानपणीच फळ धरू दिलंत तर झाड खुरटतं. समजलात?"

आम्ही समजलो. आमच्याकडे बागेबद्दल बागायतदाराशी वाद घालत नाहीत, आणि वाद घालण्याइतकं फुटबॉल समितीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यातून 'भावी पाठीराखा जोपासना नियमावली' तयार झाली. पहिल्या वर्षी मुलाने नुसतं बसायचं. दुसऱ्या वर्षी टाळ्या (बेताने). तिसऱ्या वर्षी उभं राहण्यास हरकत नाही. ओरडणं, उड्या मारणं, खेळाडूला नावाने हाक मारणं हा मोहोर समजला जाईल आणि चौथं वर्ष पुरं होईपर्यंत तो जागच्या जागी खुडला जाईल. त्यासाठी शिट्टीसह एक स्वयंसेवक राहील. (संघाकडे शिट्टी एकच असल्याने ती पंच आणि स्वयंसेवक यांनी आळीपाळीने वापरावी.) शंभराच्या तिकिटावर मूल आत सोडू नये, त्याने सवलतीचा अपमान होतो. आणि नियम मोडल्यामुळे मुलाचं सवलतीचं कार्ड एकदा रद्द झालं की ते कायमचं रद्द.

समितीतल्या उल्काताई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मुलांना ऊन नाही का लागणार?" प्रश्न मायेचा होता आणि तोच नडला. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी बागेतली हिरवी शेडनेट, म्हणजे रोपांवर धरायची सावलीची जाळी, पाठवून दिली. चारच्या सामन्याला ऊन येतं समुद्राकडून आणि मुलांच्या पायऱ्यांपुढे समुद्राच्या बाजूला मैदान आहे. तेव्हा जाळी शास्त्रानुसार मुलं आणि मैदान यांच्या मध्ये बांधली गेली. मुलांना ऊन लागणं पूर्ण बंद झालं. सामना दिसणंही बंद झालं, पण पहिल्या वर्षी नुसतं बसायचंच असल्यामुळे त्याने नियमाला कुठे बाधा येत नव्हती.

पहिल्याच सामन्याला बेचाळीस कार्डं गेली. त्यांतलं एक संस्कृतीचं. वय वर्षं नऊ, गाव देवरूखच्या वरच्या अंगाला. तिचा भाऊ ओमकार आमचा गोलरक्षक. सोमवारी तो मुंबईला काकांकडे, गोदामातल्या नोकरीवर जायचा होता. म्हणजे हा त्याचा शेवटचा सामना, आणि संस्कृतीने त्याला खेळताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. आई दर्शनाबाई तिला घेऊन सकाळच्या एसटीने आल्या. आई शंभराच्या तिकिटावर मोठ्यांत बसली, मुलगी जाळीमागे.

दहा मिनिटांनी तिने माझी बाही ओढली. "काका, माजा दादा तकडं गोलात उभा हाय. माला कायच दिसत नाय."

"पाचव्या वर्षी दिसेल," मी नियम पाहून सांगितलं.

"तवर तो हितं नसल."

 मी नियमावलीचं पान उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी होती.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी असताना आमच्यावर पेनल्टी बसली. नेमकं त्याच वेळी प्रमुख पाहुण्यांना निघायची घाई झाल्यामुळे सत्कार सुरू झाला होता. शाल, श्रीफळ, हापूसच्या कलमाचं रोप. सगळे मोठे प्रेक्षक फोटोत यावं म्हणून मैदानाकडे पाठ करून उभे होते. (दर्शनाबाईंनाही कुणीतरी दंडाला धरून ओळीत घेतलं.) पेनल्टीकडे तोंड असलेली माणसं म्हणजे खेळाडू, पंच आणि जाळीमागची बेचाळीस कार्डं.

संस्कृतीने जाळीला बोट लावलं, बोटाचं भोक केलं आणि भोकाला डोळा लावला.

ओमकारने डावीकडे झेप घेतली आणि चेंडू बोटांच्या टोकाने बाहेर घालवला. "दादाऽऽ!" अशी आरोळी त्या पायऱ्यांवरून उठली की सत्कारातलं श्रीफळ पाहुण्यांच्या हातून सुटलं. स्वयंसेवकाने खिशात हात घातला, पण शिट्टी पेनल्टीसाठी पंचाकडे गेली होती. मोहोर खुडायचा राहून गेला. ओमकार सगळं सोडून जाळीकडे धावत आला आणि त्याने बाहेरून त्याच भोकात आपलं बोट घातलं. पोरीने ते घट्ट धरून ठेवलं. मला त्या वेळी फार बरं वाटलं, भरून आलं. इतिवृत्तात त्यासाठी रकाना नसल्यामुळे तिथे मी 'जाळीस इजा, एक' असं नोंदवलं आहे.

समितीने संस्कृतीचं कार्ड रद्द केलं. आप्पांना वाईट वाटलं, हे मुद्दाम नमूद करतो. "पोर गुणाची आहे हो. पण फार लवकर मोहोरली," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी दर्शनाबाई अर्ज घेऊन आल्या. शिमग्याला ओमकार रजेवर येणार होता आणि आमच्याच मैदानावर चाकरमानी विरुद्ध गाववाले अशा सामन्यात उभा राहणार होता. "तिला कार्ड द्येवा परत," त्या म्हणाल्या. "तोंडावर हात धरून बसल ती. मी सांगतंय ना."

समिती कठोर असली तरी लोकशाहीवादी आहे. आम्ही खुली सभा ठेवली. गावातल्या कोणाही सज्जनाने यावं, हात वर करावा, साध्या बहुमताने कार्ड परत. तारीख फळ्यावर लिहिली, वर्तमानपत्रात दिली, फोनवर सगळ्या गटांत पाठवली. प्रतिसाद हृदयस्पर्शी होता. मिरकरवाड्याला लिलावात मासळीची बोली थांबवून लोकांनी मला विचारलं, "त्या पोरीचं काय झालं हो?" दोनशे अठरा जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, त्रेसष्ट जणांनी रडणारी. एकाने कविता केली. सभेला येतो असं जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं, आणि मला वाटतं, त्या क्षणी ते खरं होतं.

सभेला समिती होती, दर्शनाबाई होत्या आणि शाळेचा गणवेश घालून, तोंडावर हात धरून बसलेली संस्कृती होती. ती दीड तास तशी बसली. उल्काताईंचा एक हात वर झाला. (दर्शनाबाई बाहेरगावच्या, त्यांचा हात मोजण्यात धरला नाही.) गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबलो, मग घटनेप्रमाणे अनुपस्थितांची संमती गृहीत धरून कार्ड कायमचं रद्द केल्याचा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला.

सामना शिमग्यानंतरच्या रविवारी आहे. ओमकार येतो आहे. ठराव कार्यालयाच्या दारावर लावला असून त्याखाली संमती देणाऱ्या सर्वांची नावं आहेत. ही हकीकत वाचताना ज्यांना वाईट वाटलं, त्यांनी आपलं नाव बरोबर लिहिलं आहे ना, एवढं येऊन पाहून जावं. त्या दिवशी आपण कामात होता, हे आम्ही समजू शकतो.