पेत्राच्या कोंबड्याची पहिली बांग

सकळ सज्जनांस, दुर्जनांस, आणि ज्यांचे कान अद्याप शाबूत आहेत अशा तमाम रयतेस विदित व्हावे की, आकाशातील बापाच्या कृपेने आणि शेजाऱ्यांच्या अवकृपेने 'पेत्राचा कोंबडा' या नावाचे ख्रिस्ती हार्डकोर, म्हणजे गिटार-ड्रमांच्या गोंगाटात ओरडून गाण्याचे, पथक उदयास आले, त्याने पहिला अल्बम प्रसिद्ध केला, आणि मग चर्चच्या सभागृहात जाहीर वाजवून मुलूख काबीज केला, ती हकीकत जशी घडली तशी लिहितो. कोठे मीठमसाला लागला असेल तर तो चवीपुरता.

पथकात असामी तीन. गळ्याचे धनी राजमान्य राजश्री चष्मेवाले. हे दिवसा चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर भिंगे चढवून 'आता स्पष्ट दिसतंय का?' असे इतक्या मऊ आवाजात पुसत की म्हाताऱ्यांस बसल्या जागी डुलकी लागे. आणि संध्याकाळी हेच गृहस्थ तोंडाशी माइक धरून अशी डरकाळी फोडीत की रस्त्यावरच्या उभ्या मोटारी आपसूक बोंबलू लागत. त्यांच्या थोरल्या भगिनी ताईसाहेब, बेकरीत पीठ मळून मनगटे कमावलेल्या, ड्रमांवर नेमलेल्या. गिटारीवर नळदुरुस्तीचे कामकरी नळराजे. यांस सूर तीनच ठाऊक, परंतु तिन्हींपैकी एकही गळत नसे. पेत्राने प्रभूला नाकारले आणि मग कोंबडा आरवून पेत्राचे डोळे उघडले, तद्वत आपण जगाचे उघडावे, ही पथकाची मनीषा. जग मात्र 'झोपू द्या' म्हणून खिडक्या आपटीत असे.

अल्बम बेकरीच्या कोठारात, मैद्याच्या पोत्यांच्या तटबंदीत ध्वनिमुद्रित झाला, कारण पोती आवाज पितात आणि तक्रार करीत नाहीत. तो प्रसिद्ध होताच पथकाची गत इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. चर्चच्या वडीलमंडळींनी गुडघ्यांवर हात ठेवून तो साद्यंत ऐकला, आणि एक तर यात सैतान शिरला आहे नाहीतर यंत्र बिघडले आहे, असा निवाडा दिला. उलटपक्षी हार्डकोरच्या मुलखातले काळे शर्टवाले म्हणाले की गोंगाट अव्वल आहे, पण येशू फार येतो. ही तर रविवारची शाळाच, नुसती मोठ्याने. त्यांचे सरदार गोंदणवाले, ज्यांच्या मानेपर्यंत कवट्या चढलेल्या, यांनी पथकाच्या पहिल्या जाहीर प्रयोगास फौजेनिशी येऊन हुर्यो उडवण्याचा पण जाहीर केला.

आणि प्रयोगास सभागृह हवे, तर किल्ल्या आत्याबाईंच्या कमरेला. या चर्चच्या गायनमंडळाच्या मुख्य, आणि चष्मेवाल्यांच्या व ताईसाहेबांच्या सख्ख्या आत्या. यांचे धाकटे बंधू, म्हणजे मुलांचे वडील, इस्पितळात दीर्घकाळ झिजून वारले, तेव्हा दोन्ही भाचरांस यांनीच वाढवले आणि गायला शिकवले. दफनाच्या वेळी बाईंनी डोळ्यांतून टिपूस काढले नाही. देवाची इच्छा, इतके म्हणाल्या, आणि मग मंडळाच्या खुर्च्या आवरायला गेल्या.

किल्ल्या मागायला चष्मेवाले स्वयंपाकघरात गेले, तेव्हा बाई भांडी पुसत होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "देव काही बहिरा नाही रे."

"त्याला ऐकू जावं म्हणून नाही ओरडत, आत्या. आत साठलंय ते दुसऱ्या कशाने बाहेर येत नाही."

"मग प्रार्थना कर."

"तीच करतोय."

बाईंनी फडके झटकले आणि मसलत मोडली. मग प्रकरण पाळकसाहेबांकडे गेले. साहेब हयातभर प्रत्येक भांडणात दोन्ही बाजूंनी असत, त्यास अनुसरून त्यांनी फर्मान काढले की सभागृह द्यावे, परंतु मर्यादा राखण्यासाठी गायनमंडळाने पहिल्या रांगेत ठाण मांडावे.

शनिवारी दुपारी रण पेटले. पुढे गायनमंडळ कानांत कापूस आणि हातांत विणकाम घेऊन बसले, मागे काळ्या शर्टांनी मोर्चे बांधले, आणि मध्ये पाळकसाहेब. पहिल्याच गाण्याला खिडक्यांची तावदाने थरथरली आणि वडीलमंडळींपैकी एकांची कवळी हलली. दुसऱ्याला मागल्या फौजेने चेष्टेने 'आमेन! आमेन!' असा गिल्ला केला. ताईसाहेबांस वाटले की लोक खूश आहेत, म्हणून त्यांनी दुप्पट जोर लावला, आणि मग काळ्या शर्टांचे पाय ऐकेनात. धक्काबुक्कीचे रिंगण सुरू झाले, खुर्च्या पडल्या, कोणाचा बूट कोणाच्या डोक्यावरून गेला. इतक्यात एका काकूंचा लोकरीचा गुंडा रिंगणात घरंगळला, आणि भले भले वीर गुलाबी धाग्यात गुरफटून एकमेकांस बांधले गेले. खुद्द गोंदणवाले अर्ध्या विणलेल्या मोज्यासह भुईवर आले.

शेवटचे गाणे चष्मेवाल्यांनी वडिलांच्या इस्पितळातल्या दिवसांवर रचलेले होते. ते मध्यावर आले आणि चष्मेवाल्यांचा घसा बसला. डरकाळी फोडायला गेले तो नुसती हवा आली. ते पाहून नळराजांचे हात थांबले, मग ताईसाहेबांचे थांबले, आणि त्या शांततेत माइकमधून नुसती कुजबुज उमटली. त्या पथकाचे शब्द प्रथमच कोणाला कळले.

"बापा, हाक मारत होतो. तू कुठल्या खोलीत होतास?"

आत्याबाई उठल्या. त्या विजेचे बटण बंद करायला निघाल्या असे सर्वांस वाटले, आणि पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. परंतु बाई थेट मंचावर चढल्या आणि त्यांनी भाच्याच्या हातून माइक घेतला.

"गळ्यातून नाही, गाढवा," त्या म्हणाल्या. "पोटातून."

आणि मग ज्या बाईंनी आजवर एक सूर वेडावाकडा लागू दिला नव्हता, त्यांनी पोटातून, सूर-ताल सोडून, छताकडे पाहून विचारले, कुठल्या खोलीत होतास. पुन्हा विचारले. तिसऱ्या खेपेस ताईसाहेबांनी काठ्या उचलल्या, नळराजांनी आपले तिन्ही सूर एकदम सोडले, आणि गायनमंडळ विणकामासकट उभे राहून, वरचा आवाज वर आणि खालचा खाली, शिकवल्याप्रमाणे गर्जू लागले. गोंदणवाले लोकरीत बसल्या बसल्या ओरडत होते, आणि ती चेष्टा नव्हती.

गाणे संपले तेव्हा बाई रडत होत्या. भाच्याने त्यांस धरले. बाई म्हणाल्या, "सोड. माझा चष्मा कुठे पडला बघ." शोधला तो दुभंगलेला सापडला. चष्मेवाल्यांनी नव्याची तजवीज कबूल केली, ती खुणेने, कारण आवाज उरला नव्हता.

येणेप्रमाणे कोंबड्याची फत्ते झाली. कामी आले ते: काही खुर्च्या, एक चष्मा, एक मोजा, आणि गायनमंडळाचे समस्त घसे. सबब दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासनेत गाण्यास कोणी उरले नाही, आणि नळराजांनी एकट्यांनी गिटार हळू वाजवून वेळ निभावली. शत्रूकडील सरदार गोंदणवाले त्या सकाळी चर्चच्या दारात आले, आणि रणात हरवलेला बूट नेण्यास आलो आहोत, दुसरे काही कारण नाही, असे त्यांनी पाळकसाहेबांस बजावले. बूट बाकाखाली मिळाला. त्यांनी तो पायात घातला, नाडी बांधली, आणि मग उपासना संपेपर्यंत तेथेच बसून राहिले.