झोपेला संदर्भ हवा

दुपारी बाळ झोपलं की त्या घरात कुणी बोलत नसे. नुसते ओठ हलत. दाराची घंटा काढून ठेवलेली होती. सासरेबुवांना शिंक आली की ते नाक दाबून जिन्यात धावत, खालच्या मजल्यावर जाऊन शिंकत आणि पाय न वाजवता वर येत. नवरा सुट्टीच्या दिवशी बिस्किट चहात पुरतं विरघळल्याशिवाय तोंडात घालत नसे, कारण कुरुमकुरुम आवाज केल्याबद्दल एकदा त्याला गॅलरीत काढलं होतं. आणि एवढं सगळं करून बाळ अर्ध्या तासात टुणकन उठून बसे.

"अगं, ते शांततेनंच उठतं," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही पिठाच्या गिरणीवर राहायचो. हा तुझा नवरा गिरणी सुरू झाली की झोपायचा आणि वीज गेली की भोकाड पसरायचा."

"याला संदर्भ काय, आई?"

"हा काय संदर्भ समोर उभा! चहा पितोय."

संदर्भाने कप उचलून काढता पाय घेतला.

सुनेला हा प्रश्न विचारायची सवयच होती. ती एका ऑनलाइन ज्ञानकोशावर हौसेने काम करायची. तिथे कुणीही येऊन लेख लिहावा, सुधारावा. आणि अशा नवख्यांना वळण लावणाऱ्या मार्गदर्शकांमध्ये ती होती. बाळ झोपल्यावरचा तो अर्धा तास, दिवसभरात तेवढाच तिचा स्वतःचा. त्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंच्या भांड्यांची आदळआपट सुरू झाली की तोही बुडे. म्हणून तिने सासूबाईंनाच कामाला लावायचं ठरवलं.

"आई, तुम्ही इतकी वर्षं शिवणक्लास चालवलात. शिवणकामावरचे लेख किती अर्धवट आहेत बघा. तुम्ही लिहा ना."

सासूबाईंनी 'काजबटण' असं सदस्यनाव घेतलं आणि पदर खोचून बसल्या.

"'हाताने केलेलं काज मशीनपेक्षा कितीतरी सुंदर दिसतं.' बरोबर?"

"सुंदर नको, आई. आपलं मत लिहायचं नाही. कोण म्हणतं ते लिहायचं."

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? पुस्तक, वर्तमानपत्र, काहीतरी छापील हवं. लिहिणारा घरातला नको. आणि आपण स्वतः पाहिलेलं चालत नाही."

"डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही? मग न पाहिलेलं चालतं?"

"छापलेलं चालतं."

सासूबाईंनी चष्मा पुसला आणि हे मनात पक्कं टाचून ठेवलं.

काही दिवस घर खरंच शांत झालं. अस्तर, दोरा, अंगुस्तान असे लेख भराभर भरू लागले. सून खूश होती. मग एका दुपारी तिने सहज 'बाळाची झोप' हा लेख उघडला आणि तिचे डोळे विस्फारले. 'घरातल्या नेहमीच्या आवाजात बाळे अधिक गाढ झोपतात, असे जाणकार मानतात.' लिहिणारे सदस्य, काजबटण. आणि वाक्य चांगलं आठवडाभर तिथे ठाण मांडून होतं.

"आई, हे जाणकार कोण?"

"मी."

सुनेने वाक्य उडवलं. सासूबाईंनी 'बरं' म्हणून सुईत दोरा ओवला, हेच तिला खटकायला हवं होतं. रविवारी वाक्य परत आलं, आणि या वेळी खाली संदर्भ होता. सासूबाईंनी वर्तमानपत्राची पुरवणी तिच्यापुढे पसरली. बालसंगोपनाच्या सदरात तेच वाक्य, अक्षर न् अक्षर तेच.

"अहो आई, या सदरवाल्या बाईंनी ज्ञानकोशातून तुमचंच वाक्य उचललंय!"

"छापील आहे ना?"

"आहे, पण…"

"त्या बाई आपल्या घरातल्या आहेत?"

"नाहीत, पण…"

"मग झालं तर. तूच शिकवलंस."

सुनेने पुन्हा उडवलं. सासूबाईंनी पुन्हा आणलं. एक बेडरूममध्ये, एक हॉलमध्ये, मधे एक भिंत आणि झोपलेलं बाळ. संध्याकाळपर्यंत हे वाक्य इतक्या वेळा आलं-गेलं की एका जुन्या, मुरलेल्या संपादकांचं लक्ष गेलं. त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं, पण सगळे वचकून असत. त्यांनी सुनेला खरमरीत संदेश टाकला: 'संदर्भ दिलेला मजकूर उडवून नवोदितांना घाबरवणे मार्गदर्शकाला शोभत नाही.' आणि पानाला कुलूप घातलं. वाक्य आत, सून बाहेर.

दुसऱ्या दिवसापासून घराला कंठ फुटला. सासरेबुवा सोफ्यावर बसून ऐटीत शिंकले. नवऱ्याने टोस्ट कडाकडा चावला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. सून दाराला कान लावून उभी राहिली, आता रडेल, मग रडेल. बाळ दोन तास ढिम्म हललं नाही. सुनेने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि कुणालाही सांगितलं नाही.

पण मार्गदर्शक म्हणून तिला राहवेना. लेखाच्या चर्चापानावर तिने सगळा प्रकार, तारखांसकट, लिहून काढला. सासूबाईंनी तो वाचला. पुन्हा वाचला.

"म्हणजे त्यांनी माझं उचललं, आणि मी त्यांच्या नावाने तेच परत आणलं?"

"हो."

"हे म्हणजे स्वतःच स्वतःला पत्र टाकायचं आणि उत्तर आलं म्हणून नाचायचं. शी! उसवायला हवं."

त्यांनी स्वतः मुरलेल्या संपादकांना कळवून वाक्य काढायला लावलं. संपादक गहिवरले. स्वतःचंच वाक्य काढा म्हणणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी काजबटण यांना तडकाफडकी मार्गदर्शक केलं. सुनेला मात्र 'थोडी विश्रांती घ्यावी' असं सुचवलं.

आता दुपारी सासूबाई लॅपटॉपपुढे बसतात.

"शू! एक नवीन आलाय, सारखं 'सुंदर' लिहितोय. मला लक्ष लागू दे."

सासरेबुवा पुन्हा जिन्यात जातात. बिस्किट पुन्हा विरघळतं. आणि बाळ अर्ध्या तासात भोकाड पसरतं.

काल सुनेने त्याला खांद्यावर टाकलं, स्वयंपाकघरात गेली आणि रिकामा मिक्सर सुरू केला. बाळाचे डोळे मिटू लागले.

"अगं, काय चाललंय तिकडे?" हॉलमधून आवाज आला.

"बाळाला झोपवतेय, आई. आवाजात छान झोपतं हो ते. मी स्वतः पाहिलंय."

हॉलमध्ये खुर्ची करकरली. मग सासूबाईंचा थंड, मार्गदर्शकी स्वर आला:

"संदर्भ?"