देवरावांनी पाडलेले पैलू

रामटेकच्या महादेवरावांच्या पत्राला देवरावांनी उत्तर दिलं नव्हतं, कारण काय लिहावं ते सुचतच नव्हतं! उभं आयुष्य नागपूरच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाला शब्द सुचू नयेत, म्हणजे हलवायाच्या घरी साखर संपावी!

बालमित्रानं लिहिलं होतं एवढंच : "गोपिकाचं लग्न मार्गशीर्षात आहे. अंगठीचा खडा झाला का? सोनार विचारून राहिला."

खडा! निवृत्तीच्या भरात देवरावांनीच कळवलं होतं, "रत्नांना पैलू पाडण्याची कला मी आत्मसात केली आहे. तुझ्या लेकीचा खडा मीच घडवीन." आत्मसात म्हणजे, त्यावरचं एक पुस्तक वाचलं होतं. महादेवरावांनी भाबडेपणानं आईची आठवण म्हणून जपलेला जांभळा खडा पाठवूनही दिला!

पैलू पाडायचं नवं यंत्र पेन्शनीत बसेना. मग स्वारी भंगारबाजारात गेली. तिथं पायानं फिरवायचं एक जुनं दगडी चाक होतं, पाटासारखं सपाट. घासाघीस कशी करायची, ते देवराव घरून पाठ करून गेले होते.

"घ्या ना साहेब, मक्खन चालते!"

"थोडं कमी..."

"काहून?"

या 'का?'चं उत्तर पाठ केलेलं नव्हतं! सांगितली ती किंमत देऊन, वर कबाड्याचे आभार मानून देवराव परतले.

"हे भूत घरात नाही यायचं!" पत्नी सिंधूताई दारातच आडव्या झाल्या. चाक ओसरीवर बसलं. ओसरी रस्त्याला लागून.

सकाळी देवराव चाक फिरवून पाहतात, तर शेजारच्या भीमाबाई भाजी चिरायची पावशी घेऊन हजर!

"दादाजी, धारेचं दुकान टाकलं म्हणे!"

"अहो, हे रत्नांसाठी..."

"टमाटरबी कापत नाही गा ते! लावून द्या ना जरा."

नाही म्हणणं देवरावांना जन्मात जमलेलं नव्हतं. त्यांनी धार लावली. ती उत्तम लागली, हीच पंचाईत!

त्यात खंडेनवमी तोंडावर. पूजेला मांडायची हत्यारं चकचकीत हवीत! अडकित्ते आले, कात्र्या आल्या, कोयते आले. गल्लीतले रुपराव तर आपल्या कुही गावच्या वावरातले विळे पोतंभर घेऊन आले.

"धान कापाले आलं, दादाजी! सगळ्यायले धार मारा."

"मला एक खडा..."

"खडा काय पळून चालला का गा?"

दसरा उलटला, रांग संपली. देवरावांनी खडा लाखेनं काडीच्या टोकाला चिकटवला, देवाचं नाव घेतलं आणि चाकावर टेकवला. विळ्यांनी चाकाला नांगरल्यासारखे चर पडले होते. ते दिसले होते. पण पुस्तकात त्याबद्दल काही नव्हतं! खडा एका चरात बसला आणि खरखरत घासला गेला. देवराव घाबरून काडी गरगर फिरवत राहिले. शेवटी हातात आली ती हुबेहूब चोखलेली लिमलेटची गोळी!

"अगंबाई, किती गुळगुळीत!" सिंधूताई म्हणाल्या. "आता पैलू कधी पाडणार?"

देवराव लिहायला बसले. या वेळी शब्द आपोआप सुचले.

"प्रिय महादेवा, खडा सोबत पाठवतो. पैलू एकही नाही. चूक सर्वस्वी माझी. सोनार गोल कोंदण करील तर बघ. वहिनींना आणि गोपिकाला माझ्या वतीनं हात जोड. रुखवतात पावशी ठेवणार असाल, तर मात्र ती निःशंक माझ्याकडे पाठव."

पत्र आणि खडा रजिस्टर पोस्टानं रवाना करूनच ते घरी आले.