एका पायावर घरची नावं

दुपारी पाळी सुटली की बबनभाऊ खाणीच्या सायकल स्टँडवर थकल्याभागल्या माणसांना एका पायावर उभं करतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हादरलोच. कोळशानं काळे झालेले डंपरवाले रांगेत बगळ्यासारखे उभे, आणि आमच्याच पाळीतले, निवृत्तीला आलेले हे गृहस्थ कमरेवर हात ठेवून समोर.

त्यांच्या करदोड्याला आमच्या सगळ्यांच्या मोटारसायकलींच्या चाव्या असतात. कामावर जातानाच ते त्या गोळा करतात. चालले की बैलजोडी आल्यासारखा आवाज येतो. चावी परत हवी तर एक पाय उचलायचा आणि घरी वाट पाहणाऱ्यांची नावं मोठ्यानं घ्यायची. पाय टेकला किंवा नाव राहिलं, की बाकावर बसायचं, चहा प्यायचा, अर्ध्या तासानं पुन्हा उभं राहायचं.

"नुसतं उभं त बैलबी राह्यते बाप्पा," ते म्हणतात. "नुसती नावं पोपटबी घेते. थकल्या मानसाले दोनी संगं नाई जमत. अन् भद्रावतीच्या रस्त्यावर, कोयस्याच्या ट्रकायमंदी, दोनी संगंच लागते."

एकाच्या घरी पाहुणे आले होते. त्यानं सगळ्या मेव्हण्यांची नावं घेतली, बायकोचं राहिलं. बबनभाऊंनी त्याला दोनदा चहा पाजला आणि गोष्ट त्याच्या घरापर्यंत जाऊ दिली नाही.

मी मनातून हसत असे. मग गेल्या उन्हाळ्यात बदलीची माणसं आली नाहीत, म्हणून बबनभाऊंनी आणि मी लागोपाठ दोन पाळ्या केल्या. सुटताना मला अगदी ठणठणीत वाटत होतं. पाय उचलला.

"माय. सुनीता."

आई झाली, बायको झाली, पुढे काहीच नाही. मला एकच मुलगी आहे. तिचं नाव मीच ठेवलंय. ते येईना. आठवायला गेलो तर जमीन तिरपी झाली आणि मी शेजारच्या सायकलींवर कोसळलो. त्या एकामागोमाग आडव्या झाल्या.

सगळे खो खो हसले. मी घाबरलो होतो, आणि निघाला तो राग.

"तुमीबी दोन पाळ्या केल्या न भाऊ? मंग उभे राहा न! घ्या नावं!"

ते उभे राहिले. खांबासारखे. तोल तसूभरही ढळला नाही. आम्ही नावांची वाट पाहत राहिलो.

वहिनी वारल्या, मुलगा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. पण आठवलं ते बोलून गेल्यावर.

बबनभाऊंनी पाय अलगद खाली ठेवला.

"फेल झालो," ते म्हणाले. "सरक. मलेबी चाय सांग."

मी दोन चहा सांगितले. अर्ध्या तासानं उठलो, पाय उचलला. "माय. सुनीता. मयूरी." पाय वरच ठेवला. "बबनभाऊ."

चावी सोडवणारे त्यांचे हात थांबले. "चौथा त इथीच उभा हाये. मंग घरी वाट कोन पाहून राह्यलं?"

"मयूरी तुमचीबी वाट पाहीन. जेवाले चाला."

ते बराच वेळ करदोडा चाचपत राहिले. मग माझी चावी दिली. स्वतःची करदोड्यालाच राहू दिली. "मी त फेल हावो. मले हँडल नाई धरता येत," म्हणाले आणि माझ्या मागे बसले.

रस्ताभर कानाशी आवाज येत होता, "मयूरी. सुनीता. माय. इसरू नोको बे."

शेवटच्या वळणावर चौथं नावही आलं. अगदी हळू.