पेशीभित्तिकेचं प्रात्यक्षिक

"पेशीभित्तिका नुसती शिकवून कळत नाही, ती दिसावी लागते. आणि उद्या मी ती दाखवणार!" शिक्षकांच्या खोलीत जीवशास्त्राच्या सरांनी घोषणा केली, तेव्हा गणिताच्या बाई चष्मा पुसण्यात फारच गुंतल्या.

योजना साधी होती. फुगा म्हणजे पेशी. नुसत्या फुग्यात पाणी भरत गेलं की तो फुटणार. तोच झाकणाच्या वेताच्या पेटाऱ्यात ठेवून भरला, की पेटारा त्याला आवरून धरणार! प्राण्यांच्या पेशींना असा पेटारा नसतो, झाडांच्या पेशींना असतो. म्हणून तर हाडं नसताना रोप ताठ उभं राहतं. शिवाय तपासणीला अधिकारीबाई येणार होत्या. तीस वर्षांत सरांच्या तासाला पहिल्यांदाच कुणी मोठं माणूस बसणार होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या ताईंनी सकाळीच मधल्या टेबलावर आपला संग्रह मांडला होता. सव्वादोनशे वाळवलेली पानं, जाड कागदांवर टाके घालून बसवलेली, खाली निळ्या शाईत नावं.

"ताई, हा पालापाचोळा उचला बघू. टेबलाखाली ठेवा."

"सर, बाईंना दाखवायचा होता. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय, म्हणून म्हटलं..."

"नंतर बघू हो!"

ताईंनी गठ्ठे खाली ठेवले. मग पेटाऱ्यावरून बोट फिरवून म्हणाल्या, "वेताला कीड लागलीय, सर."

"ताई, वेत म्हणजे सेल्युलोज! झाडांच्या भिंतीचा खास माल. त्याला काही होत नाही."

प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नव्हतं. म्हणून बागेतल्या नळाची रबरी नळी खिडकीतून आत घेतली आणि नळावर माळीकाकांना उभं केलं. पहिला फुगा टबात ठरल्याप्रमाणे फुटला. टाळ्या! दुसरा पेटाऱ्यात शिरला आणि पोटभर जेवलेल्या पाहुण्यासारखा फुगत गेला. बघायला सगळा वर्ग उभा राहिला. अधिकारीबाईही उठून पुढे आल्या.

"बघा! आतून पाणी ढकलतंय, बाहेरून भिंत उलट ढकलतेय!" सरांचा आवाज चढला. तेवढ्यात पेटारा करकरला. सरांनी खिडकीकडे तोंड करून हाक मारली, "बस! बस!"

धाडधाड बाकं वाजली. सगळा वर्ग खाली बसला.

"मला एकेरी?" अधिकारीबाई लालबुंद झाल्या आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसल्या.

"तुम्हाला नाही हो! बस म्हणजे पुरे! अहो काका, बस ना!"

"बसलोय की!" बाहेरून माळीकाका समाधानानं म्हणाले. ते नळाशेजारच्या कट्ट्यावर खरंच बसले होते. नळ चालूच होता.

मग भिंतीनं मान टाकली. पेटाऱ्याच्या काड्या उडाल्या, फुगा फुटला, अधिकारीबाई कमरेपर्यंत भिजल्या, आणि उरलेलं सगळं पाणी टेबलाच्या कडेवरून खाली, थेट गठ्ठ्यांवर सांडलं.

शेऱ्यात एवढंच आलं: 'प्रयोग प्रभावी. शिक्षकांनी पाहुण्यांशी बोलताना आदरार्थी बहुवचन वापरावे.'

ताई खाली बसून ओले गठ्ठे उचलायला लागल्या. तेच सरांना जास्त लागलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचा आठवडाभर शाळा सुटल्यावर दोघं एकेक पान टिपकागदात घालत बसले. शाई धुऊन गेली होती. नावं फक्त ताईंच्या डोक्यात होती. त्या सांगत होत्या, सर लिहीत होते. "हे नदीकाठचं. आई आजारी होती त्या वर्षीचं. हे कुंपणावरचं, मुलगी रांगायला लागली तेव्हाचं." सरांना ताईंची आई माहीत नव्हती. मुलगी आहे हेही माहीत नव्हतं.

एक पान त्यांनी उजेडाकडे धरलं. एवढं भिजूनही काठ न् काठ शाबूत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "गंमत बघा ताई, पेशी केव्हाच मेल्या, पण भित्तिका मात्र..."

"माहीत आहे, सर," ताई पुढचा टिपकागद उचलत म्हणाल्या. "तीस वर्षं दाराआड उभी राहून तुमचाच तास ऐकलाय. लिहा, शेवगा. श शहामृगातला."